कुलवृत्तांताचं एकोणतिसावं पान

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिरल्याच्या ब्लॉक ऑफिसात विहिरींच्या मंजुरीची यादी टाईप करत होते. फोनवर वैनी होत्या. म्हणाल्या, "वन्सं, हे गेले." मी विचारलं, "कधी?" त्या म्हणाल्या, "सकाळी. दाढी करता करता." मग त्यांनीच फोन ठेवला. मी यादी पुरी केली, साहेबांची सही घेतली, धारला आले आणि इंदूरवरून देवासची बस धरली. कोणी म्हणेल, सख्खा थोरला भाऊ गेला आणि ही बाई यादी करत बसली. म्हणू दे. मी गेले असते तर दादानंही हातातलं काम पुरं केलं असतं, आणि वर माझ्या यादीतली एक ओळ कशी वाकडी गेली आहे तेही दाखवलं असतं.

आता दीड-दोन महिने झाले. भेटतील ते सांगतात, त्यांच्यावर चार शब्द लिहा, चांगलं लिहा. चार शब्द लिहिते, पण चांगलं लिहिण्याचं वचन देत नाही. माझा भाऊ मुकुंद हा कडवट, कोरडा आणि पुष्कळदा दुष्ट माणूस होता. त्याच्याशी माझं पाच वर्षं बोलणं नव्हतं. आणि दुष्टपणात मी त्याच्यापेक्षा कमी नाही, हेही ह्याच लेखात यायला हवं, नाहीतर लिहिण्यात अर्थ नाही.

आमचं घराणं मूळचं धारचं, दरबारी नोकरीतलं. दरबार गेला, पगडीच्या खुंट्या तेवढ्या राहिल्या. दादा नोकरीसाठी देवासला गेला आणि तिथल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यानं तीस वर्षं नकाशे काढले. एक स्टीलची फूटपट्टी कायम त्याच्या खिशात असायची. जेवायला बसला तरी ती ताटाशेजारी. वैनींनी भिंतीवर कॅलेंडर लावलं की हा उठून दोन्ही बाजू मोजायचा, आणि फरक निघाला की काही न बोलता कॅलेंडर काढून त्यांच्या हातात द्यायचा. माझं लग्न त्यानंच ठरवलं होतं. नवरा जंगल खात्यात, नेमणूक उदयनगरला. आठ महिन्यांनी मी तिथून एक पिशवी आणि सुजलेला कान घेऊन परत आले, ती थेट देवासला दादाच्या दारात. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पत्र टाकून यायचं होतं. वैनीला तयारी करता आली असती." एवढंच. कोणी मारलं, का मारलं, काही नाही. चौथ्या दिवशी त्यानं मला धारला, घराण्यातले वडीलधारे म्हणून सगळे ज्यांचं ऐकत त्या काकासाहेबांकडे पोचवलं आणि टायपिंगच्या क्लासात नाव घातलं. त्याच टायपिंगवर मी आजपर्यंत जगले, हे खरं आहे. पण तेव्हा मला टायपिंग नको होतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी दादानं स्वेच्छानिवृत्ती घेतली, कंप्युटर घेतला आणि घराण्याचा कुलवृत्तांत करायला काढला. मजकूर मी टाईप करायचा आणि पानं त्यानं लावायची, अशी वाटणी झाली. मी ऑफिसच्या कामानंतर धारला टाईप करायची आणि एक रविवार सोडून एक रविवार फ्लॉपी पर्समध्ये घालून देवासला जायची. दोन वर्षं हे चाललं. फ्लॉपी उन्हात धरू नकोस, चुंबकाजवळ नेऊ नकोस, बसमध्ये इंजिनाजवळ बसू नकोस... मी पोचले की "आलीस का" नाही, "फ्लॉपी कुठे आहे?"

पण शिकवायचा मात्र छान, हे कबूल करायला हवं. एकदा त्यानं नेमावरच्या सहलीचे दोन फोटो घेतले, एक देवळाचा आणि एक नर्मदेतल्या नावेचा, आणि मला शेजारी बसवलं. "हे बघ कुमे, ओळीत टाकलेलं चित्र म्हणजे एक मोठं अक्षर. वर दोन शब्द वाढले की ते खाली ढकललं जाणार. म्हणून पहिल्यांदा त्याला ओळीतून मोकळं करायचं. मग ते पानावर कुठंही ठेव." मग त्यानं फोटोखाली एक छोटी चौकट काढली आणि तीत नाव लिहिलं. "आता फोटो वेगळा आणि नाव वेगळं. एक हलवलं तर दुसरं तिथंच राहणार. मग काय होतं? काकाच्या तोंडाखाली मामीचं नाव." त्यानं शिफ्ट दाबून दोन्ही निवडले, उजवं बटण दाबून ग्रुप केलं, आणि माऊसनं पानभर फिरवून दाखवलं. फोटो जाईल तिकडे नाव गेलं. त्या वेळी तो हसला होता. फोटोंच्या बाबतीत तो असा हसायचा, माणसांच्या बाबतीत मी पाहिलं नाही. मग त्यानं देऊळ नावेवर ठेवलं. नाव दिसेनाशी झाली. मी म्हटलं, "गेली?" तो म्हणाला, "जाते कुठे. मागे आहे. वरचं हलवलं की दिसेल. काढून टाकायचं असेल तर डिलीट वेगळं असतं."

पुस्तकात एकूण चाळीस-पंचेचाळीस पानं फोटोंची. एकेका कुटुंबाचं एक पान, वर आईवडील आणि खाली मुलं-सुना, सगळे फोटो एकाच मापाचे, सगळ्यांच्या नावाआधी रीतसर श्री., सौ., चि. आणि गेलेल्यांना कै. प्रत्येक पान छापून काढलं की दादा पट्टी लावायचा. दोन मिलिमीटरचा फरक निघाला तर पान माझ्यासमोर फाडायचा, उभं, मधोमध. वैनींनी आपल्या माहेरचा एक फोटो मोठ्या हौसेनं आणून दिला, तर म्हणाला, "ह्यात तू डोळे मिटलेस. लग्नाआधीपासून सवय आहे वाटतं." वैनी आत निघून गेल्या. मी मान खाली घालून टाईप करत राहिले. मला त्यांची बाजू घेता आली असती, पण रविवार वाया गेला असता.

आमच्या घरचं पान एकोणतिसावं. ते त्यानं सगळ्यात शेवटी लावलं. माझाही फोटो त्यानं मागून घेतला होता, ऑफिसच्या ओळखपत्रातला. मी मुद्दाम इंदूरला जाऊन नवीन काढून दिला, इस्त्रीची साडी नेसून. घराण्याच्या पुस्तकात माझ्या स्वतःच्या नावानं, आईबाबांच्या खाली, माझी जागा असणार होती. दुसरी कुठलीही जागा मला नव्हती. सासरच्यांनी नाव टाकलं होतं, आणि काकासाहेबांच्या घरात मी मागच्या खोलीतली बाई होते. दोन वर्षं बसच्या धक्क्यांत मी त्या एका फोटोसाठी फ्लॉपी सांभाळली, असं म्हटलं तरी चालेल.

छापायला द्यायच्या आधीच्या रविवारी मी गेले तेव्हा पान तयार होतं. वर आई आणि बाबा, दोघांनाही कै. खाली एका ओळीत डावीकडून एक मोकळी जागा, मग वैनी, मग मधला भाऊ श्रीधर, त्याची बायको, आणि उजव्या टोकाला दादा. मी नव्हते. मी पान तीनदा पाहिलं. "दादा, मी?" तो पट्टी रुमालानं पुसत होता. म्हणाला, "जागा नव्हती." मी त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "ही काय आहे मग?" तो म्हणाला, "ती राहू दे. पानाला हवी." वैनी दारात उभ्या होत्या, त्यांचे डोळे भरलेले. मला वाटलं, माझ्यासाठी. नंतर कळलं, त्यांना वेगळंच लागलं होतं. नवरा बायकोच्या शेजारी असायचा हा नेम प्रत्येक पानावर त्यानंच पाळला होता, आणि आपल्या घरच्या पानावर तो उठून पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला होता. मला मात्र एकच दिसत होतं. काढलं तर काढलं, वर मी जिथून काढली गेले ते भोक लोकांना दिसावं म्हणून उघडं ठेवलं. संध्याकाळी निघताना त्यानं सीडी माझ्या हातात ठेवली. पुस्तक जिथं वाटायचं ते घराण्याचं संमेलन धारला काकासाहेबांच्या घरी होतं, म्हणून छपाईही धारलाच. त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, संमेलनापर्यंत प्रवास बंद. "छापखान्यात तू बसशील. आणि काहीही झालं तरी त्यांना ग्रुप सोडू देऊ नकोस."

छापखान्यात कंप्युटरवर रजनी नावाची मुलगी बसायची, हिंदी शाळेत शिकलेली, बोटं फार चपळ. एकोणतिसावं पान उघडलं तर नावांची शेवटची अक्षरं चौकटीत कापली जात होती. त्यांच्याकडचा फाँट दादाच्या फाँटापेक्षा थोडा रुंद होता. रजनी म्हणाली, "दीदी, ग्रुप खोलना पड़ेगा. डब्बे बड़े करके नाम फिर से डाल देती हूँ." मी "खोल दे" म्हटलं. त्या क्षणी मला दादाचं वाक्य आठवलं होतं, विसरले नव्हते.

तिनं बाबांच्या नावाची चौकट मोठी केली, तिचीच नक्कल दादाच्या फोटोखाली आणली आणि आतलं नाव तेवढं बदललं. आधीचं कै. तसंच राहिलं. मग तिला शंका आली. "दीदी, ये कै. क्या होता है? अपने यहाँ तो श्री लगाते हैं." हिंदीत गेलेल्या माणसाला स्व. लावतात, तिला बिचारीला कुठून कळणार. मी पडद्याकडे पाहिलं. दादाचा फोटो, गळ्याची गुंडी लावलेला, आणि खाली कै. मुकुंद. मी म्हटलं, "बड़ों के लिए लगाते हैं. मम्मी-पापा को और बड़े भैया को रहने दे. बाकी सब जैसे थे वैसे कर दे."

हे मी शांतपणे म्हटलं. मी खुर्चीवर बसून चहा पीत होते. रजनीनं श्रीधरला श्री. लावलं, दोघी सुनांना सौ. लावलं. मग दादाच्या फोटोवर माऊस नेऊन म्हणाली, "इनके नीचे कुछ और भी अटका है दीदी. एक डब्बा ज्यादा आ रहा है. हटाऊँ क्या?" मी म्हटलं, "मत छेड़. उनका कुछ नाप-वाप का होगा, नाराज होंगे." तिनं सोडून दिलं. दोनशे प्रती छापल्या गेल्या.

संमेलनात पुस्तक वाटलं गेलं आणि जेवणाच्या पंगतीत कोणीतरी एकोणतिसावं पान उघडलं. आधी कुजबुज, मग हसू. एक आत्या म्हणाल्या, "मुकुंदा, आयुष्य वाढलं रे तुझं." एक लांबचा भाचा इंदुरी थाटात ओरडला, "भिया, ये तो गए! श्रद्धांजली किसको देनी है?" सगळे हसले. काकासाहेब हसले. दादा पंगतीत वाढत होता. हातात श्रीखंडाचं भांडं, एका डोळ्याला अजून हिरवं कापड. त्यानं पुस्तक हातात घेतलं, डोळ्याजवळ नेलं, पान पाहिलं आणि परत दिलं. मग त्यानं पंगत शेवटपर्यंत वाढली. ज्या माणसानं दोन मिलिमीटरसाठी कागद फाडले, त्याच्या दोन वर्षांच्या कामातलं लोकांना एवढंच लक्षात राहणार होतं, आणि ते त्याला कळलं होतं. मी समोरच बसले होते. मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते आहे, पण तेव्हा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो छापखान्यात जाऊन आला. मग काकासाहेबांच्या ओट्यावर बसून त्यानं उरलेल्या आणि परत मागवलेल्या सगळ्या प्रतींत पेनानं कै. खोडून श्री. लिहिलं, पट्टी धरून, एकेक. मी समोरून जात होते. मान वर न करता म्हणाला, "बड़ों के लिए लगाते हैं." रजनीनं सांगितलं होतं. मी थांबले. तो पुढे म्हणाला, "ग्रुप सोडू नको म्हटलं होतं, कुमे." आमच्यातलं हे शेवटचं बोलणं. माझी प्रत त्यानं मागितली नाही. मीही दिली नाही.

आमच्याकडे कुलवृत्तांत देवघराखालच्या कपाटात ठेवतात, आणि माणूस गेलं की महिन्याच्या श्राद्धानंतर त्याच्या नावाआधी कै. लिहितात. दादाचं महिन्याचं झालं तेव्हा वैनी मला म्हणाल्या, "वन्सं, पेनानं किती खाडाखोड करायची. आधीच ते पान खराब झालंय. फाईल आहे ना त्यांची? नवीन पान काढून चिकटवू. ह्यांना कै. लावा. आणि माझं सौ. काढून श्रीमती करा." ह्या आवाजात त्या भाजीवाल्याशी बोलतात.

मी दादाच्या खुर्चीत बसले. कंप्युटरवर कापड घातलेलं होतं, चारी बाजूंनी सारखं लोंबणारं. फाईल उघडली, पान काढलं, आणि नावं बदलायला ग्रुप सोडला. एकामागून एक चौकट निवडायला मी टॅब दाबत गेले. त्यानंच शिकवलेलं. सहा फोटो, सहा नावं. बारा. तरी खुणांचे ठिपके आणखी पुढे सरकले, पुन्हा दादाच्याच फोटोभोवती. तेरा. मग त्याच्याच नावाभोवती. चौदा. मला रजनीचा आवाज ऐकू आला, 'इनके नीचे कुछ और भी अटका है.' मी दादाचा फोटो धरून बाजूला ओढला.

खाली मी होते. इस्त्रीची साडी. फोटोवर डाव्या गालाजवळ एक ओरखडा होता, तो त्यानं पुसून काढलेला. उजळपणा वाढवलेला. खाली चौकटीत नाव, माझं माहेरचं, पूर्ण, आणि आधी कु. नाही, सौ. नाही, नुसतं कुमुद. काय लावावं हे त्याला ठरवता आलं नसावं. मी दादाचा फोटो त्याच्या नावासकट पानभर फिरवला आणि शेवटी डावीकडच्या त्या मोकळ्या जागेत सोडला. वैनींच्या शेजारी. तो बरोब्बर बसला. मी त्याची पट्टी काढून पडद्यावर लावली. दोन फोटोंमधलं अंतर सगळीकडे सारखं.

मी वैनींना हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या आणि बघत राहिल्या. मग खुर्चीच्या पाठीला धरून सांगू लागल्या. "पान दाखवायला ह्यांनी काकासाहेबांना बोलावलं होतं. काकासाहेब म्हणाले, नवऱ्याला सोडून आलेली पानावर राहिली तर संमेलन माझ्या घरी होणार नाही. हे एक शब्द बोलले नाहीत. ते गेल्यावर तासभर ह्या खुर्चीत. मग मला म्हणाले, कुमीला काढलं. मला वाटलं, काढलंच असेल..." त्या थांबल्या. "आणि मला वाटलं, पुस्तकातसुद्धा माझ्या शेजारी बसायचं नाही ह्यांना. पाच वर्षं मी ते पान उघडलं नाही." मग एकदम आवाज चढला. "मग सांगायला काय झालं होतं? एवढी पट्टी घेऊन फिरायचे, तोंड नव्हतं?"

काकासाहेबांपुढे उभं राहायची हिंमत त्याच्यात नव्हती, आणि मला काढून टाकायचीही नव्हती. म्हणून तो आपल्या जागेवरून उठला आणि माझ्यावर येऊन बसला, आणि वर मला सांगितलं की जागा नव्हती. ह्याला मी प्रेम म्हणणार नाही. डिलीट वेगळं असतं, हे त्यानंच मला शिकवलं होतं, एवढं मात्र खरं. आणि रजनी माऊस धरून विचारत होती, हटाऊँ क्या... तिला नुसतं सरकवायला सांगितलं असतं तर मी माझं तोंड तिथंच पाहिलं असतं, कै. छापायच्या आधी.

मी त्याच्या नावाआधी कै. लावलं. दुसऱ्यांदा. ह्या वेळी स्वतः टाईप केलं, आणि दोनदा चुकलं. वैनींचं श्रीमती केलं. मग सात फोटो आणि सात नावं निवडून ग्रुप केलं आणि पान छापलं. वैनींनी ते आपल्या प्रतीत जुन्या पानावर चिकटवलं, वर पाट ठेवून दाबलं, आणि मला म्हणाल्या, "तुमच्या प्रतीसाठी एक काढा."

मी काढलं, धारला आणलं. पण चिकटवलं नाही. ते पुस्तकात घडी घालून ठेवलं आहे. पट्टी वैनींनी मला दिली, तीही तिथंच आहे, त्याच पानात. माझी प्रत त्यानं कधी दुरुस्त केली नाही, त्यात कै. पाच वर्षांपासूनच आहे, त्यामुळे नवीन काही लिहायचं उरलेलं नव्हतं. त्या पानावर तो मला झाकून बसला आहे, आणि मी त्याला जिवंतपणी मारून ठेवलं आहे. दोघांनी मिळून केलेलं तेवढं एकच पान आहे. ते तसंच राहील.